‘आमच्याकडे सोय नाही’ म्हणणाऱ्यांना काय उत्तर द्याल?

स्वमग्न मुलाच्या आईवडिलांनी शाळांच्या कार्यालयांत ऐकलेली वाक्ये गोळा केली, तर त्यांची यादी फार लांब होणार नाही. वाक्ये चार-पाचच आहेत. ‘आमच्याकडे तशी सोय नाही.’ ‘इतर पालक तक्रार करतात.’ ‘विशेष शाळा बघा, त्याचेच भले होईल.’ ‘आमची शाळा खासगी आहे, आम्हाला सक्ती नाही.’ आणि सर्वांत गोड आवाजात सांगितले जाणारे, ‘जागा भरल्या आहेत, पुढच्या वर्षी या.’

बहुतेक आईवडील हे ऐकून उठतात आणि दुसऱ्या शाळेचा पत्ता शोधू लागतात. भांडून प्रवेश मिळवला, तर त्याचा राग वर्गात मुलावर निघेल, ही धास्ती मनात असतेच. ती धास्ती खोटी आहे असे कोण म्हणेल? पण या वाक्यांपैकी किती कायद्यापुढे टिकतात, हे ठाऊक असले, तर उठायचे की बसून राहायचे, हा निर्णय तरी आपल्या हाती राहतो.

ऑटिझमला मराठीत आपण स्वमग्नता म्हणतो. शब्द देखणा आहे, पण थोडा फसवाही आहे. मूल स्वतःतच रमलेले आहे, त्याला जगाशी काही देणेघेणे नाही, असा समज त्यातून होतो. प्रत्यक्षात अनेक स्वमग्न मुलांना माणसे हवी असतात, पण बोलण्याचे, नजरेचे, इशाऱ्यांचे जे अलिखित नियम बाकीची मुले न शिकवता उचलतात, ते त्यांना तसे उचलता येत नाहीत. मिक्सरचा आवाज, प्रार्थनेच्या वेळचा ध्वनिक्षेपक किंवा गर्दीतला स्पर्श त्यांना असह्य होऊ शकतो. कुणी मूल अजिबात बोलत नाही, तर कुणी रेल्वेचे अख्खे वेळापत्रक पाठ म्हणून दाखवते. संसदेने १९९९ साली एका कायद्यात याची व्याख्या केली, तीही बरीच नेमकी होती. कौशल्यांची असमान वाढ, संवाद आणि सामाजिक वागणूक यांवर झालेला परिणाम आणि तेच तेच ठराविक वर्तन, असा तिचा आशय आहे. त्यात ‘वेडेपणा’ नाही आणि ‘आईने लक्ष दिले नाही’ असेही काही नाही.

यादीत नाव यायला २१ वर्षे

आपल्याकडे अपंगांसाठीचा पहिला मोठा कायदा १९९५ साली झाला. त्यात सात प्रकारच्या अपंगत्वांची नावे होती. अंधत्व, अल्पदृष्टी, बरा झालेला कुष्ठरोग, श्रवणदोष, अस्थिव्यंग, मतिमंदत्व आणि मानसिक आजार. स्वमग्नता त्यात नव्हती. त्यामुळे गणितात हुशार असलेल्या स्वमग्न मुलालाही सवलत हवी असेल, तर ‘मतिमंद’ असा दाखला घेण्यावाचून गत्यंतर नसे. अनेक पालकांनी मन मारून तो घेतला. ज्यांच्या मुलांचा बुद्ध्यांक चांगला होता, त्यांना तोही मिळाला नाही.

१९९९ साली राष्ट्रीय न्यास अधिनियम आला. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठीचा हा कायदा. तो मुख्यतः पालकत्व आणि सांभाळ यांबद्दल आहे. शिक्षण, नोकरी आणि भेदभाव यांबाबत मात्र २०१६ पर्यंत वाट पाहावी लागली. भारताने २००७ साली अपंगांच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या करारास मान्यता दिली होती. त्याला अनुसरून डिसेंबर २०१६ मध्ये संसदेने दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम मंजूर केला आणि १९ एप्रिल २०१७ पासून तो लागू झाला. सातांची यादी २१ झाली आणि तीत स्वमग्नतेचे नाव स्वतंत्रपणे आले.

या कायद्याचे तिसरे कलम सर्वांत महत्त्वाचे. अपंगत्वाच्या कारणावरून कोणाशीही भेदभाव करता येणार नाही, असे ते सांगते. ‘वाजवी सोय’ नाकारणे हाही कायद्याच्या व्याख्येप्रमाणे भेदभावच ठरतो. म्हणजे ‘आम्ही त्याला नाही म्हटलेच नाही, फक्त त्याच्यासाठी वेगळे काही करणार नाही,’ हे उत्तर चालत नाही. मात्र याच कलमात एक फट आहे. एखादे रास्त उद्दिष्ट साधण्यासाठी ते कृत्य प्रमाणात आणि आवश्यक असेल, तर तो भेदभाव धरला जाणार नाही, असे त्यात म्हटले आहे. ही फट कायद्यात नसती तर बरे झाले असते, असे माझे मत आहे. पण ती आहे, आणि समोरचा वकील पहिल्याप्रथम तिथेच बोट ठेवणार, हे लक्षात असू द्यावे.

आधी दाखला

हक्क कागदावर मागायचा तर हाती कागद हवा. स्वमग्नतेचा दाखला सरकारने नेमलेल्या वैद्यकीय मंडळाकडून, बहुधा जिल्हा रुग्णालयात किंवा सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात मिळतो. अर्ज केंद्र सरकारच्या ‘स्वावलंबन’ या संकेतस्थळावर करायचा असतो. त्यातूनच यूडीआयडी नावाचे ओळखपत्र मिळते. ४० टक्क्यांपेक्षा कमी अपंगत्व असल्यास ते पांढरे, ४० ते ८० टक्क्यांच्या दरम्यान पिवळे आणि ८० टक्के किंवा अधिक असल्यास निळे. हे ओळखपत्र देशभर चालते. नोकरीच्या बदलीमुळे नागपूरहून इंदूरला किंवा पुण्याहून हैदराबादला गेलेल्या आपल्या वाचकांना पूर्वी प्रत्येक राज्यात नव्याने खेटे घालावे लागत, ते आता टळावे अशी अपेक्षा आहे.

स्वमग्नतेचे मोजमाप करण्यासाठी सिकंदराबाद येथील राष्ट्रीय संस्थेने एक भारतीय मापनश्रेणी तयार केली. तिच्यात ४० मुद्दे आहेत. प्रत्येकाला १ ते ५ गुण, आणि एकूण गुण ७० च्या खाली असल्यास स्वमग्नता नाही, असे धरले जाते. पालकांशी बोलून आणि मुलाचे निरीक्षण करून हे गुण दिले जातात. इथे एक व्यावहारिक सूचना. आपले मूल चारचौघांत ‘चांगले दिसावे’ म्हणून आईवडील त्याच्या अडचणी झाकतात. आयुष्यभराची सवयच असते ती. मंडळापुढे मात्र तसे करू नका. रात्री किती वेळा उठते, जेवणात काय काय चालत नाही, बाहेर गेल्यावर काय होते, हे महिनाभर वहीत टिपून ठेवा आणि ती वही बरोबर न्या. बोलकी मुले आणि विशेषतः मुली पंधरा मिनिटांच्या भेटीत बऱ्यापैकी निभावून नेतात आणि दाखल्यावर टक्केवारी कमी पडते.

टक्केवारी कमी पडली, तर सगळेच गेले का? नाही. हा मुद्दा अनेक पालकांना, आणि कबूल करायला हवे की अनेक अधिकाऱ्यांनाही, माहीत नसतो. आरक्षण आणि काही ठराविक लाभ यांसाठी ४० टक्क्यांची अट आहे. पण भेदभावाविरुद्धचे तिसरे कलम, शाळाप्रवेशाचे सोळावे कलम, छळापासून संरक्षणाचे सातवे कलम, यांना ही अट नाही. ती प्रत्येक दिव्यांग व्यक्तीला लागू होतात.

शाळेच्या दारात

आता सुरुवातीच्या वाक्यांकडे वळू. ‘आमची शाळा खासगी आहे’ हे त्यांतले सर्वांत ठामपणे सांगितले जाणारे आणि सर्वांत लवकर कोसळणारे वाक्य. सोळाव्या कलमातील कर्तव्य सरकारी अनुदान घेणाऱ्या किंवा सरकारची मान्यता असलेल्या सर्व शिक्षणसंस्थांसाठी आहे. मान्यतेविना कोणती खासगी शाळा दहावीला मुले बसवू शकते? मान्यता आहे म्हणजे कर्तव्यही आहे. भेदभाव न करता प्रवेश देणे, खेळ आणि करमणुकीत इतरांच्या बरोबरीने सामील करून घेणे, मुलाच्या गरजेप्रमाणे वाजवी सोय करणे आणि त्याच्या प्रगतीवर लक्ष ठेवणे, हे सारे त्या कर्तव्यात येते. स्नेहसंमेलनाच्या दिवशी ‘त्याला आणू नका, गोंधळ होईल’ असे सांगणारी शाळा या कलमाच्या विरुद्धच वागत असते.

‘वाजवी सोय’ म्हणजे काय, हे पालकांनाच सांगावे लागते, कारण शाळेला त्या शब्दाबरोबर उद्वाहक आणि उतरता मार्ग एवढेच आठवते. स्वमग्न मुलाला हव्या असलेल्या सोयी बहुतेक वेळा बिनखर्चाच्या असतात. दाराजवळची किंवा भिंतीकडेची जागा. दिवसभराचे वेळापत्रक चित्रांत लिहून बाकावर चिकटवणे. सूचना तोंडी न देता फळ्यावर लिहिणे. प्रार्थनेच्या वेळी ध्वनिक्षेपकापासून लांब उभे राहू देणे, किंवा कानांवर आवाज कमी करणारे यंत्र लावू देणे. घाबरे झाल्यास पाच मिनिटे शांत खोलीत जाण्याची मुभा. शिक्षक बदलणार असतील किंवा सहल असेल, तर आदल्या दिवशी कळवणे. कायद्याने एवढेच पाहायचे आहे की ही सोय शाळेवर अवाजवी बोजा टाकते का. फळ्यावर लिहिण्याचा बोजा कोण सिद्ध करणार?

‘शॅडो टीचर’ची गोष्ट मात्र एवढी सरळ नाही. मुलाबरोबर वर्गात बसणारी ही मदतनीस पालकांनीच आणावी, तिचा पगारही त्यांनीच द्यावा, असा आग्रह अनेक शाळा धरतात. कायद्यात हा शब्द कोठेही नाही. त्यात आहे ते मुलाच्या गरजेप्रमाणे वैयक्तिक साहाय्य, आणि ते पुरवण्याची अपेक्षा पालकांकडून नव्हे, तर संस्थेकडून आहे. पालकांनी स्वखुशीने व्यवस्था केली तर गोष्ट वेगळी. ती प्रवेशाची अट म्हणून लादली जात असेल, तर ती अट लेखी मागा. लेखी मागितल्यावर बऱ्याच अटी सैल होतात, असा अनुभव आहे.

विशेष शिक्षकांचे काय? सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये रजनीश कुमार पांडे प्रकरणात सर्वसाधारण शाळांत विशेष शिक्षक नेमण्याचा विषय हाती घेतला. त्यानंतर प्राथमिक वर्गांसाठी अशा दर १० मुलांमागे एक आणि वरच्या वर्गांसाठी दर १५ मुलांमागे एक विशेष शिक्षक, असे प्रमाण ठरले. मार्च २०२५ मध्ये न्यायालयाला राज्यांना पुन्हा बजवावे लागले की पदे मंजूर करा आणि भरती करा. यावरून अंमलबजावणीची गती वाचकांच्या ध्यानात यावी.

याशिवाय दोन तरतुदी लक्षात ठेवाव्यात. शिक्षण हक्क कायद्यात २०१२ साली झालेल्या दुरुस्तीने अपंग मुलांचा समावेश ‘वंचित गटा’त झाला. त्यामुळे विनाअनुदानित खासगी शाळांतील २५ टक्के राखीव जागांसाठी स्वमग्न मुलांचाही अर्ज करता येतो. आणि ४० टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्या ६ ते १८ वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. ‘त्याच्या पसंतीच्या’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. विशेष शाळेत मूल खुलत असेल, तर ती निवडण्यात कमीपणा नाही. पण निवड कुटुंबाची असावी, मुख्याध्यापकांनी दार दाखवले म्हणून नव्हे.

परीक्षेतील सवलती, म्हणजे तासाला २० मिनिटे जादा वेळ, लेखनिक, काही मंडळांत एखाद्या भाषेतून सूट, या बहुतेक पालकांना आता माहीत झाल्या आहेत. यातही ४० टक्क्यांची अट पुढे करून लेखनिक नाकारला जाई. विकास कुमार यांच्या प्रकरणात फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती अट अमान्य केली. लिहिण्यात खरोखर अडचण असेल, तर टक्केवारी आडवी येऊ नये, असा त्या निकालाचा रोख आहे. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये दुसरे एक प्रकरण आले. लिहिण्यात अडचण असलेल्या एका विद्यार्थिनीला वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेत जादा तास मिळाला नव्हता. तिच्यावर अन्याय झाला, हे न्यायालयाने मान्य केले, पण फेरपरीक्षेचा आदेश दिला नाही, तर परीक्षा घेणाऱ्या यंत्रणेला अन्याय दूर करण्याचे उपाय शोधायला सांगितले. म्हणून सवलतीचे पत्र परीक्षेच्या दिवशी सकाळी शोधण्याची गोष्ट नाही. प्रवेशपत्र हाती येताच केंद्रप्रमुखांना भेटून त्याची पोच घ्या.

विमान, विमा आणि शेजारी

७ मे २०२२ रोजी रांचीच्या विमानतळावर हैदराबादला निघालेल्या एका कुटुंबातील विशेष गरजा असलेल्या मुलाला विमानात चढू दिले गेले नाही. मुलगा प्रवासाने आणि गर्दीने बावरला होता. सहप्रवाशांत डॉक्टर होते, त्यांनी मदत देऊ केली, इतर प्रवासीही कुटुंबाच्या बाजूने उभे राहिले, पण विमान त्या कुटुंबाला न घेता गेले. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने चौकशी करून इंडिगो कंपनीला ५ लाख रुपये दंड केला. जमिनीवरच्या कर्मचाऱ्यांनी मुलाला नीट हाताळले नाही आणि त्यामुळेच परिस्थिती चिघळली, असा निष्कर्ष निघाला. याहून महत्त्वाचे म्हणजे जुलै २०२२ मध्ये नियमच बदलला. आता केवळ अपंगत्वाच्या कारणाने प्रवास नाकारता येत नाही. प्रवाशाची प्रकृती विमानात बिघडेल अशी शंका असेल, तर विमान कंपनीला डॉक्टरकडून त्याची तपासणी करून घ्यावी लागते. नाकारण्याचा निर्णय गणवेशातल्या कोणीही उभ्याउभ्या घेण्याचा राहिलेला नाही.

त्याआधी १२ मे २०१६ रोजी जीजा घोष यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असाच दणका दिला होता. सेरेब्रल पाल्सी असलेल्या श्रीमती घोष या अपंगांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या. २०१२ साली कोलकात्याहून गोव्याला एका परिषदेसाठी निघालेल्या असताना त्यांना स्पाइसजेटच्या विमानातून उतरवण्यात आले. न्यायालयाने त्यांना १० लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. नवा कायदा तेव्हा झालाही नव्हता.

आरोग्य विम्याच्या बाबतीत राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ योजना स्वमग्न व्यक्तींसाठी आहे. वर्षाला १ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते, आधी वैद्यकीय तपासणी करून घ्यावी लागत नाही आणि बाह्यरुग्ण उपचार तसेच थेरपीच्या खर्चाचाही तीत समावेश आहे. नियमित थेरपीचा खर्च ज्यांनी केला आहे, त्यांना ही रक्कम अपुरी वाटेल, आणि ती अपुरीच आहे. पण ती न घेण्याचे कारण नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये विमा नियामकाने सर्व आरोग्य विमा कंपन्यांना अपंग व्यक्तींसाठी पॉलिसी उपलब्ध ठेवण्यास सांगितले आहे.

आता घरापाशी येऊ. वरच्या मजल्यावर मूल रात्री उड्या मारते, ओरडते, म्हणून सोसायटीच्या बैठकीत तक्रार येते. शेजाऱ्यांना झोप हवी, हे खरेच. तळमजल्याची जागा, गादीचा थर, वेळेची सांगड, यांतून पुष्कळदा मार्ग निघतो आणि तो आधी काढावा. पण तक्रार करणे वेगळे आणि जिन्यात अडवून ‘या वेड्याला कोंडून ठेवा’ असे चारचौघांत सुनावणे वेगळे. अपमान करण्याच्या हेतूने अपंग व्यक्तीला सार्वजनिक ठिकाणी हिणवणे किंवा धमकावणे हा ९२ व्या कलमाखाली गुन्हा आहे. शिक्षा ६ महिन्यांपासून ५ वर्षांपर्यंत आणि दंड. हे कलम उठल्यासुटल्या वापरण्याचे नाही. पण सोसायटीच्या सचिवांना पत्र लिहिताना त्याचा एक उल्लेख पुरतो.

अठरावा वाढदिवस

मूल १८ वर्षांचे होते, त्या दिवशी घरात काही बदललेले दिसत नाही. कायद्याच्या दृष्टीने मात्र फार मोठी गोष्ट घडते. तोपर्यंत आईवडील त्याचे नैसर्गिक पालक असतात. त्यानंतर ते सज्ञान. त्याच्या बँक खात्यावर सही कोणाची, आजोबांनी त्याच्या नावे ठेवलेल्या ठेवीचे काय, शस्त्रक्रियेला संमती कोण देणार, हे प्रश्न एकाएकी उभे राहतात. बरेच पालक ‘आम्हीच तर आईवडील’ म्हणून बेसावध असतात आणि बँकेतल्या खिडकीपाशी पहिल्यांदा अडतात.

यासाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात जिल्हा पातळीवर स्थानिक स्तर समितीची व्यवस्था आहे. जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी, एका नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक अपंग व्यक्ती, असे तिचे स्वरूप असते. आईवडील किंवा नातेवाईक या समितीकडे कायदेशीर पालक म्हणून नेमणूक मागू शकतात. नोंदणीकृत संस्थाही अर्ज करू शकते. दिवाणी न्यायालयाच्या तुलनेत हे काम कमी खर्चाचे आणि बरेच सोपे आहे. या समितीचा दाखला बँकांनी मान्य करावा, असे रिझर्व्ह बँकेने २००७ सालीच कळवले आहे. खिडकीपलीकडचा कर्मचारी ‘कोर्टाचा कागद आणा’ म्हणाला, तर त्याला या सूचनेची आठवण द्यावी.

पालक झाल्यावर जबाबदारीही येते. नेमणुकीपासून ६ महिन्यांत त्या व्यक्तीच्या स्थावर मालमत्तेची आणि देण्याघेण्याची यादी समितीकडे द्यावी लागते. दर आर्थिक वर्ष संपल्यावर ३ महिन्यांत हिशेब द्यावा लागतो. पालक छळ किंवा दुर्लक्ष करत असेल, मालमत्तेचा गैरवापर करत असेल, तर त्याला दूरही करता येते. आईवडिलांना हा हिशेब जाचक वाटतो. पण त्यांच्यामागे काका किंवा चुलतभाऊ पालक होणार असेल, तर हाच जाच मुलाचे संरक्षण ठरेल.

इथे एक प्रश्न आपणच स्वतःला विचारायला हवा. पालक खरोखर हवा आहे का? पालकाची गरज आहे का आणि कोणत्या कामांपुरती, हे समितीने पाहायचे असते, असे कायदाच म्हणतो. स्वमग्न तरुण स्वतःचे पैसे सांभाळत असेल, नोकरीला जात असेल, तर आईच्या काळजीपोटी त्याचा सहीचा अधिकार काढून घेणे त्याच्यावर अन्याय होईल. २०१६ चा कायदा याबाबत आणखी पुढे गेला. अपंग व्यक्तीला इतरांप्रमाणेच कायदेशीर क्षमता आहे, मालमत्ता बाळगण्याचा आणि वारसा मिळण्याचा हक्क आहे, असे तो मानतो. त्याच्या १४ व्या कलमाप्रमाणे पालक हा ‘मर्यादित पालक’ असतो. म्हणजे त्याने त्या व्यक्तीशी बोलून, तिची इच्छा समजून घेऊन, दोघांनी मिळून निर्णय घ्यायचा. इतर कायद्यांखाली नेमलेल्या पालकांनीही याच रीतीने काम करावे, असे तेच कलम सांगते. न बोलणाऱ्या मुलाची इच्छा कशी समजायची, असे कोणी विचारील. त्याला काय आवडते आणि काय नको, हे त्याच्या आईला विचारून पाहा. ती तासभर सांगेल.

वारशाबद्दल एक गैरसमज खेड्यापाड्यांत आणि शहरांतही अजून टिकून आहे. ‘तो असा आहे, त्याला जमिनीचा हिस्सा कशाला? भाऊ सांभाळतीलच.’ १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या २८ व्या कलमाप्रमाणे कोणत्याही रोगामुळे, दोषामुळे किंवा व्यंगामुळे वारस अपात्र ठरत नाही. हिस्सा त्याचा आहेच. आईवडिलांनी स्वकष्टार्जित मालमत्तेचे इच्छापत्र जरूर करावे, शक्य असल्यास मुलासाठी खासगी विश्वस्त निधी स्थापावा. पैसे सांभाळणारा आणि मुलाला सांभाळणारा, या दोन वेगळ्या व्यक्ती ठेवल्या तर अधिक बरे. कुटुंबात कोणावर अविश्वास आहे म्हणून नव्हे. एकमेकांकडे विचारणा करणारे दोघे असले, म्हणजे हिशेब सरळ राहतो.

नोकरी आणि आईची रजा

सरकारी नोकऱ्यांत दिव्यांगांसाठी ४ टक्के जागा राखीव आहेत. त्यांतील १ टक्का स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता या सर्वांत मिळून वाटला जातो. वाटेकरी पाहता हिस्सा किती येतो, ते सांगायला नको. उच्च शिक्षणात ५ टक्के जागा राखीव आहेत, त्या मात्र सरकारी आणि अनुदानित संस्थांत. खासगी कंपन्यांना आरक्षण लागू नाही. पण २० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या खासगी आस्थापनेने समान संधीचे धोरण जाहीर केले पाहिजे, असा नियम आहे. मुलाखतीला जाण्यापूर्वी ते धोरण मागून वाचावे. पुष्कळ ठिकाणी ते नसतेच, आणि हीच माहिती पुढे उपयोगी पडते.

मुलाच्या हक्कांबरोबर सांभाळणाऱ्यांचेही काही हक्क आहेत. केंद्र सरकारच्या महिला कर्मचाऱ्यांना ७३० दिवसांची बालसंगोपन रजा मिळते. मूल अपंग असेल, तर त्याच्या वयाची मर्यादा लागू होत नाही. हिमाचल प्रदेशात सरकारी महाविद्यालयात शिकवणाऱ्या एका मातेला अशी रजा नाकारली गेली, तेव्हा एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की ही रजा म्हणजे मेहेरबानी नव्हे, स्त्रियांच्या नोकरीतील समान सहभागाशी ती जोडलेली आहे. अपंग मुलाची देखभाल करणाऱ्या केंद्रीय कर्मचाऱ्याला नेहमीच्या बदल्यांतून सूट मागता येते. जुन्या पद्धतीने प्राप्तिकर भरणाऱ्यांना अशा आश्रिताच्या पालनपोषणासाठी ७५ हजार रुपयांची आणि अपंगत्व ८० टक्के किंवा अधिक असल्यास १ लाख २५ हजार रुपयांची वजावट आहे. नव्या करपद्धतीत ती नाही, तेव्हा पद्धत निवडण्यापूर्वी आकडेमोड करून पाहा.

तक्रार कोठे?

पहिली तक्रार त्याच संस्थेकडे, लेखी, तारीख घालून, पोच घेऊन. तोंडी नकार मिळाला असेल, तर त्याच दिवशी पत्र लिहा, ‘आज अमुक वाजता आपण अमुक कारणाने प्रवेश नाकारला, हे बरोबर आहे ना, कृपया कळवावे.’ एवढ्या एका पत्राने नकाराचा पुरावा तयार होतो.

तिथे काम झाले नाही, तर राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे जावे. महाराष्ट्रात हे कार्यालय पुण्यात आहे. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्यांनी ज्या राज्यात घटना घडली, तेथील आयुक्तांकडे अर्ज करावा. केंद्र सरकारचे खाते, राष्ट्रीयीकृत बँक किंवा विमान प्रवास यांविषयीची तक्रार दिल्लीच्या मुख्य आयुक्तांकडे जाते. अर्ज साध्या कागदावर चालतो, टपालाने किंवा ई-मेलनेही पाठवता येतो, वकील लावलाच पाहिजे असे नाही. साक्षीदार बोलावणे, कागदपत्रे मागवणे, यांसाठी आयुक्तांना दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. त्यांचा आदेश मात्र ‘शिफारस’ या स्वरूपाचा असतो. संबंधित अधिकाऱ्याने तीन महिन्यांत काय कारवाई केली ते कळवायचे, आणि शिफारस मानली नसेल तर कारण द्यायचे.

कायदा मोडणाऱ्याला पहिल्या वेळी १० हजार रुपयांपर्यंत दंड, पुन्हा मोडल्यास ५० हजारांपासून ५ लाखांपर्यंत. एखाद्या बड्या शाळेला १० हजार म्हणजे पालकसभेच्या चहापाण्याचा खर्च. तरीही २०२० साली केंद्र सरकारने यातील काही गुन्हे तडजोडीने मिटवण्याचा प्रस्ताव आणला, तेव्हा अपंगांच्या संघटनांनी देशभर विरोध केला आणि प्रस्ताव मागे घेतला गेला. कारण रक्कम कितीही लहान असली, तरी ‘गुन्हा’ या शब्दाला शाळेचे विश्वस्त घाबरतात.

आयुक्तांच्या शिफारशीनेही काही झाले नाही, तर उच्च न्यायालयाचा मार्ग खुला आहे. खर्चाची चिंता असेल, तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातील विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जा. १९८७ च्या कायद्याप्रमाणे अपंग व्यक्तीला, तसेच कोणत्याही स्त्रीला आणि बालकाला, उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. जाताना दाखल्याची प्रत, शाळेशी झालेला पत्रव्यवहार आणि पोचपावत्या तारखेप्रमाणे लावून न्याव्यात.